पूल एका कमानीचा, छायाचित्र तीन कमानींचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दक्षिण फ्रान्समधल्या व्हेझों-ला-रोमेन या छोट्या गावावर पानभर लेख होता. मथळा 'चमत्काराचा पूल' आणि खाली मोठे रंगीत छायाचित्र. लेख मी दोनदा वाचला. एकदा चहाबरोबर, आवडीने; दुसऱ्यांदा लाल पेन घेऊन. चौतीस वर्षे पुलांच्या नकाशांवर खुणा करण्यात गेली, त्यामुळे पेन आपोआप हातात येते. त्याला इलाज नाही.

आधी सोपी चूक सांगते. छापलेले चित्र त्या पुलाचे नाहीच. चित्रात तीन कमानी आहेत आणि कमानींच्या मधल्या खांबांना खिडक्यांसारखी भोके आहेत. हा पाँ ज्युलियाँ. त्याच भागातला, रोमनांचाच, पण आप्त गावाजवळ कालाव्हों नदीवर बांधलेला, इसवी सनापूर्वी ३ या वर्षीचा. तोही सुरेख आहे. २००५ पर्यंत त्यावरून मोटारी जात होत्या. पण लेख ज्या गावाबद्दल आहे त्या व्हेझों-ला-रोमेनच्या पुलाला कमान एकच आहे. तीन आणि एक यांतला फरक पर्यटकाला किरकोळ वाटेल, मला वाटत नाही. का, ते पुढे येईलच.

दुसरी चूक मथळ्यातली. १९९२ च्या महापुरात सगळे वाहून गेले आणि दोन हजार वर्षांचा रोमन पूल मात्र 'देवाच्या कृपेने' उभा राहिला, असे लेखात आहे. देवाच्या कृपेबद्दल मी बोलणार नाही. पण पूल का टिकला याची कारणे नदीकाठी उभे राहून डोळ्यांनी दिसतात, आणि माणसे का मेली याचीही. लेखाने पहिल्यावर चार परिच्छेद लिहिले आणि दुसरे एका वाक्यात उरकले. माझे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

मुलगी ल्योंला असते. मागच्या सप्टेंबरात तिच्याकडे गेले असताना धाकट्या बहिणीला घेऊन चार दिवस व्हेझोंला राहिले. रेल्वे गावात येत नाही. ओरांजला उतरायचे आणि तिथून बस घ्यायची. बस द्राक्षमळ्यांतून जाते, आणि पूर्वेला सगळा वेळ माँ व्हाँतू दिसत राहतो. १९०० मीटरच्या वरचा हा डोंगर, माथा पांढराफटक. बहिणीला तो बर्फ वाटला. बर्फ नव्हे, उघडा चुनखडक आहे. गावाच्या पुराची गोष्ट याच डोंगराच्या पाठीमागून सुरू होते, म्हणून आधी भूगोल.

गावातून वाहणाऱ्या नदीचे नाव उव्हेझ. ती उत्तर-पूर्वेला द्रोम जिल्ह्यातल्या बारोनी नावाच्या डोंगराळ मुलखात उगम पावते, ब्युई-ले-बारोनीवरून खाली येते आणि शेवटी आव्हिन्योंच्या वर ऱ्होन नदीच्या खोऱ्यात जाऊन मिळते. सगळी लांबी शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. व्हेझोंच्या थोडे वर, आंत्रशो गावाजवळ, तिला तूलूराँ नावाची दुसरी नदी मिळते. ही व्हाँतूच्या उत्तरेच्या, पाठीमागच्या दरीतून येते. म्हणजे व्हेझोंच्या डोक्यावर दोन डोंगराळ खोरी एकत्र येतात. उतार तीव्र, माती पातळ, खाली चुनखडक आणि चिकण माती. जोराचा पाऊस आला की पाणी जिरायला थांबत नाही, ओघळते. नकाशावर तर्जनी आणि मधले बोट फाकवून ठेवा. ती दोन खोरी. बोटे जिथे तळहाताला मिळतात तिथे गाव.

आणि पाऊस? भूमध्य समुद्राच्या या पट्ट्यात उन्हाळ्याच्या शेवटी समुद्र तापलेला असतो. दक्षिणेकडून येणारा ओला वारा जमिनीवर चढतो, डोंगरांना धडकून वर ढकलला जातो, वर थंड हवा बसलेली असते. मग एकाच जागी तासन् तास ढग उभे राहून कोसळतात. तिकडचे लोक सप्टेंबर-ऑक्टोबर म्हटले की आभाळाकडे बघतात ते यामुळे. बाकी वर्षभर उव्हेझ कशी असते ते मी पाहिले. गोट्यांमधून वाट काढणारे घोट्याएवढे पाणी. मी त्यात पाय बुडवून बसले होते. समोरच्या दगडावर एक पोरगा बूट काढून नदी ओलांडत होता. अशी नदी पाहून कुणालाही तिच्या कडेला घर बांधावेसे वाटेल. मलाही वाटले, खोटे कशाला सांगू.

२२ सप्टेंबर १९९२. मंगळवार होता. व्हेझोंचा आठवडी बाजार मंगळवारी भरतो, शेकडो वर्षांपासून. त्या दिवशी आंत्रशोला चोवीस तासांत सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस झाला, त्यातला बराचसा काही तासांत. पॅरिसला वर्षभरात जेवढा पडतो त्याच्या जवळजवळ निम्मा. दुपारपर्यंत दोन्ही नद्यांचे पाणी एकत्र होऊन गावात आले. विसर्ग सेकंदाला हजार घनमीटरच्या पुढे गेला असावा असा अंदाज आहे. पुलापाशी पाणी तळापासून सतरा मीटरच्या आसपास चढले आणि पुलावरून वाहू लागले. पाणी सहामजली इमारतीच्या गच्चीला लागले असे समजा.

पुलाच्या वरच्या अंगाला नदीकाठी तंबू-कॅराव्हानवाल्यांचे (कॅराव्हान म्हणजे मोटारीमागे ओढायचे चाकांवरचे घर) मुक्कामाचे मैदान होते. पर्यटनाचा हंगाम संपत आला होता तरी सुट्टीला आलेले लोक होते. पाण्याने कॅराव्हान उचलल्या आणि त्या एकामागून एक पुलावर येऊन आदळल्या. लोकांनी काठावरून काढलेली ती चित्रे फ्रान्सभर दूरचित्रवाणीवर दिसली, आणि ज्यांनी ती पाहिली ते आजही त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. नदीकाठच्या सखल पट्ट्यात तेओस नावाची घरांची वसाहत होती. नवी, बैठी, बागेची. तीही गेली. एकट्या व्हेझोंमध्ये तिसाहून अधिक माणसे मेली, सगळ्या खोऱ्यात चाळीसहून अधिक.

हे आपल्या लेखातले ते एक वाक्य.

आता पूल. लेखकाने लिहिले आहे की 'आधुनिक तंत्राला लाजवेल' अशी रोमन कारागिरी. कारागिरी उत्तमच आहे. घडीव दगडांची एक कमान, १७ मीटरच्या गाळ्याची (म्हणजे दोन पायांमधले अंतर तेवढे), पहिल्या शतकातली. पण मी पुलाखाली उतरून पायांपाशी गेले (बहीण वर ओरडत होती), तेव्हा मला कारागिरीआधी दिसली ती जागा. पूल अशा ठिकाणी बांधला आहे जिथे नदी दोन्हीकडच्या खडकांत चिमटलेली आहे. कमानीचे दोन्ही पाय थेट कातळावर. पूल पुरात पडतात ते बहुतेक वेळा वरून धक्का बसून नव्हे. पाणी खांबाच्या बुडाशी भोवरा करते, पायाखालची वाळू-गोटे खरडून नेते, आणि एके दिवशी खांब अधांतरी होऊन बसतो. इथे पायाखाली खरडून न्यायला काही नाही. आणि पात्रात मधे खांबच नाही, म्हणजे झाडे, गाड्या अडकून बसायला आणि भोवरा करायला जागाही नाही.

म्हणूनच तीन कमानींचे चित्र पाहून मी चिडले. पाँ ज्युलियाँच्या खांबांना भोके का ठेवली आहेत? कारण तिथे पात्रात खांब घालावेच लागले, आणि पूर आला तर पाण्याला वाट हवी हे बांधणाऱ्याला ठाऊक होते. ती भोके म्हणजे नदीला दिलेली मोकळीक. म्हणजे एका पुलाने खडक शोधला आणि दुसऱ्याने वाट ठेवली. दोन वेगळी उत्तरे आहेत, आणि तुमच्या पानावर एकाच्या जागी दुसरे छापले गेले आहे.

व्हेझोंच्या कमानीबद्दल आणखी एक. दगडी कमान दाबावर उभी असते. प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो आणि शेवटी सगळा भार दोन्ही काठांच्या खडकात जातो. वरून पाणी गेले तर भार वाढतो, आणि भार वाढला की कमान, तिचे पाय हलत नसतील तर, आणखी घट्ट बसते. वाहून गेला तो वरचा कठडा. तो जाणेही एका अर्थी बरेच झाले. अडथळा तेवढा कमी झाला. १६१६ च्या पुरातही कठडाच गेला होता. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पूल उडवायचा प्रयत्न केला, तेव्हाही कमान राहिली. आजही वरच्या गावात जायला मोटारी याच पुलावरून जातात. मी कठड्याला टेकून अर्धा तास मोजल्या, बहात्तर झाल्या, मग बहिणीने ओढून नेले.

जुन्या लोकांनी बांधलेले सगळेच टिकते, असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. जे पडले त्यांची छायाचित्रे पुरवणीत येत नाहीत, एवढेच. पन्नासेक किलोमीटरवर आव्हिन्योंला बाराव्या शतकातला साँ-बेनेझे पूल आहे. बावीस कमानी होत्या. ऱ्होन नदीचे पात्र रुंद, तळ गोट्यांचा, आणि पूर दर काही वर्षांनी. दुरुस्त करून करून सतराव्या शतकात लोकांनी नाद सोडला. आज चार कमानी उरल्या आहेत आणि पर्यटक तिकीट काढून अर्ध्या पुलावर जाऊन परत येतात. दगड तोच, चुना तोच, गवंडीही काही कमी हुशार नव्हते. नदी वेगळी होती, तळ वेगळा होता.

तर मग त्या दिवशी चुकले काय? यासाठी गावाचा इतिहास थोडा वेगळ्या नजरेने पाहावा लागतो, आणि लेखात तो पुष्कळ आला आहे, पण सुटा सुटा. हे गाव नदी ओलांडून दोनदा जागा बदललेले गाव आहे.

पहिले गाव उजव्या काठावर. व्होकोन्ती नावाच्या केल्टिक लोकांची राजधानी, लॅटिनमध्ये व्हासियो. रोमशी त्यांचा तह होता, त्यामुळे जिंकल्या गेलेल्यांसारखी वागणूक त्यांना नव्हती, आणि गाव श्रीमंत झाले. आज प्युइमँ आणि ला व्हियास या दोन भागांत मिळून सुमारे पंधरा हेक्टर उत्खनन उघडे आहे. रस्ते, दुकानांची रांग, स्नानगृहे, नाट्यगृह आणि अंगणांभोवती पसरलेली मोठी घरे. घरांना नावे सापडलेल्या वस्तूंवरून दिली आहेत: चांदीच्या अर्धपुतळ्याचे घर, डॉल्फिनचे घर. सम्राट नेरोचा अंगरक्षकप्रमुख बुर्रुस हा या गावाचा आश्रयदाता होता, याचा शिलालेख इथेच मिळाला.

इथे थोडे विषयांतर करते, कारण ही गोष्ट लेखात नव्हती आणि मला फार आवडली. उत्खनन मोठ्या प्रमाणावर सुरू केले ते जोसेफ सोतेल या धर्मगुरूने, १९०७ मध्ये. पैसा अपुरा. पुढे त्याला अल्सासमधला तंबाखूचा कारखानदार भेटला, जगातल्या मोठ्या पोस्टाच्या तिकिटांच्या संग्राहकांपैकी एक. त्याचे आडनाव ब्युरुस, म्हणजे फ्रेंचांच्या तोंडी पडलेला बुर्रुसच. या नामसाम्याच्या ओढीने म्हणा, त्याने अनेक वर्षे खर्च उचलला. १९२४ मध्ये गावाने आपल्या नावापुढे 'ला रोमेन', रोमन, हे शेपूट अधिकृतपणे जोडून घेतले. आणि ज्या मूर्तीसाठी गाव आजही हळहळते ती, कपाळाला विजयाची पट्टी बांधणारा खेळाडू, १८६२ मध्ये इथे सापडली आणि १८७० मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकत घेतली. ती लंडनलाच आहे.

रोमन सत्ता गेली तरी लोक उजव्या काठावरच राहिले. ४४२ आणि ५२९ मध्ये इथे बिशपांच्या धर्मसभा भरल्या. दुसऱ्या सभेने ठरवले की खेड्यांतल्या धर्मगुरूंनी मुलांना घरी ठेवून वाचायला शिकवावे, आणि खेड्यातल्या शाळेची सुरुवात म्हणून इतिहासकार या ठरावाकडे बोट दाखवतात. कॅथेड्रल याच काठावर आहे. त्याच्या मागच्या बाजूला जाऊन पाया पाहा. रोमन खांबांचे तुकडे आडवे टाकून त्यावर भिंत उभी केली आहे. मला तो पाया पाहून हसू आले. कंत्राटदार सगळीकडचा सारखाच, जवळ मिळेल ते वापरणार.

मग दुसरे गाव. बाराव्या शतकाच्या अखेरीस तुलूझच्या काउंटने, म्हणजे तिथल्या सरदाराने, डाव्या काठावरच्या उंच कातळावर किल्ला बांधला. बिशप आणि काउंट यांचे भांडण जुने होते. पुढच्या दीडदोनशे वर्षांत खालचे लोक पूल ओलांडून त्या कातळाच्या उतारावर राहायला गेले. तटबंदी, अरुंद चढणीच्या फरसबंद गल्ल्या, वेशीवर घड्याळाचा मनोरा, त्यावर लोखंडी पिंजऱ्यात टांगलेली घंटा. १२७४ पासून हा सगळा मुलूख, कोंता व्हनेसँ, पोपच्या मालकीचा झाला आणि १७९१ पर्यंत तसाच राहिला. म्हणजे फ्रान्सच्या मधोमध असून तो फ्रान्सचा नव्हता. खालचे रोमन गाव मातीखाली गेले आणि त्यावर शेती झाली. पंधरा हेक्टर उघडता आले ते यामुळेच. डोक्यावर घरे असती तर काय खोदणार होते?

आपल्या लेखात म्हटले आहे की 'पूर्वजांनी पुराचा धोका ओळखून गाव उंचावर नेले'. वाचायला छान वाटते, पण तसे झालेले नाही. लोक वर गेले ते माणसांच्या भीतीने. लढाया, भाडोत्री सैनिक, लूट. पाण्यापासून वाचले ते आपोआप. हे महत्त्वाचे अशासाठी, की जर लोक पुराला भिऊन गेले असते तर आठवणही पुराची राहिली असती. भीती गेली तसे लोक खाली आले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सडक, बाजार, गाडी यांच्या सोयीसाठी एकेक घर पूल ओलांडून पुन्हा उजव्या काठावर उतरले. वरची घरे पडीक झाली. विसाव्या शतकात ती चित्रकार, मूर्तिकार आणि सुट्टीला येणाऱ्यांनी विकत घेतली. आज वरच्या गावात मांजरे जास्त आणि माणसे कमी, निदान दुपारी दोन वाजता तरी.

म्हणजे उजव्या काठावर परतणे हा गुन्हा नव्हता. रोमन गावाचा उघडा भाग पाहा. तो नदीच्या पात्रापासून वर, चढणीवर आहे. कॅथेड्रल वर आहे. बाजारचौक वर आहे. गाव पुन्हा खाली आले तेव्हाही बरेचसे जुन्याच पायऱ्यांवर बसले. चुकले ते त्याच्याही नंतर, युद्धोत्तर वाढीच्या काळात, जेव्हा राहिलेली स्वस्त, सपाट जागा म्हणजे नदीच्या कुशीतली जागा उरली. मुक्कामाचे मैदान तिथे, छोट्या कारखान्यांचे आवार तिथे, नवी वसाहत तिथे. सपाट जागा सपाट का आहे, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता. नदीने ती सपाट केली आहे. दोन पुरांमध्ये शंभर वर्षे गेली की जमीन कोणाची होती ते नोंदणीच्या कागदातून निघून जाते. १६१६ चा पूर कागदोपत्री होता. पण तो इतिहासाच्या कपाटात होता, बांधकाम परवान्याच्या नव्हता.

मी स्वतः परवान्यांच्या फायलींवर सह्या केलेल्या आहेत, म्हणून हे वरून बोलत नाही. नकाशावर निळी रेघ असते. ती रेघ उन्हाळ्यातल्या नदीची असते. तिच्यापासून इतके मीटर सोडले की नियम पाळला जातो. नदी त्या रेघेला बांधील नसते हे सगळ्यांना कळते, पण फाइलीत तसा रकाना नसतो.

फ्रान्सने तो रकाना केला, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. व्हेझों एकटे नव्हते. १४ जुलै १९८७ ला आल्प्समधल्या ल ग्राँ-बोर्नाँला अशाच नदीकाठच्या कॅम्पिंगवर पाण्याचा लोंढा येऊन २३ जण मेले होते. ३ ऑक्टोबर १९८८ ला नीम शहर बुडाले. सहा वर्षांत तीन वेळा. पूरग्रस्तांना विम्यातून भरपाई देण्याचा कायदा १९८२ पासून होताच. प्रत्येक विमा हप्त्यात सगळ्यांनी थोडी भर घालायची आणि त्यातून बुडालेल्यांना द्यायचे. पण भरपाई मिळते म्हणून लोक त्याच जागी पुन्हा बांधतात, हेही दिसत होते. मग २ फेब्रुवारी १९९५ चा कायदा आला. तेव्हा पर्यावरणमंत्री होते मिशेल बार्निए, तेच जे पुढे ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या वाटाघाटींत रोज बातम्यांत दिसत. त्यांच्या नावाने हा कायदा ओळखला जातो. त्यानुसार धोक्याच्या प्रत्येक गावासाठी नकाशा करायचा. लाल पट्ट्यात नवे बांधकाम बंद. निळ्या पट्ट्यात अटींवर, म्हणजे राहण्याची पातळी अमुक उंचीच्या वर, असे. हा नकाशा गावाच्या नियोजनाला जोडलेला असतो, आणि महापौराला तो बाजूला ठेवता येत नाही. घर वाचवण्याचा खर्च घराच्या किमतीपेक्षा जास्त असेल आणि माणसांच्या जिवाला धोका असेल, तर सरकार ते घर विकत घेऊन पाडू शकते. त्यासाठी निधी आहे, आणि तो सुरुवातीला त्याच विमा हप्त्यातून भरत असे.

आपला लेखक पुलाला हात लावून गहिवरला, मला मान्य आहे. मीही लावला. पण व्हेझोंने फ्रान्सला काय दिले असे कोणी विचारले तर मी हा लाल-निळा नकाशा दाखवीन. तो दिसायला कंटाळवाणा आहे, त्याच्यासमोर कुणी छायाचित्र काढून घेत नाही.

शेवटच्या दिवशी मंगळवार होता. मुद्दाम तसा बेत केला होता. बाजार सगळ्या गावभर पसरतो. चीज, ऑलिव्ह, टोपल्या, कापड, स्वस्त चपला. एका मधवाल्या आजींकडे बहिणीने लव्हेंडरचा मध घेतला. माझे फ्रेंच मोडकेतोडके, तरी मी विचारले, १९९२ मध्ये तुम्ही इथे होतात का? त्यांनी मान हलवली. मग बरणीचे झाकण लावता लावता दुसऱ्या हाताने दुकानाच्या छत्रीच्या कितीतरी वर बोट दाखवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. मी पुढे काही विचारले नाही.

आता आपल्याकडे मागणी अशी. चित्राची दुरुस्ती छापावी आणि त्यात पाँ ज्युलियाँचे नावही द्यावे, त्याचाही अपमान नको. गावाचे नाव 'व्हायसन' छापले आहे, ते व्हेझों. पुराच्या तारखेचे वर्ष बरोबर आहे, महिना ऑगस्ट छापला आहे, तो सप्टेंबर. तीस-बत्तीस दिवसांचा फरक म्हणून सोडून देऊ नये, कारण ऑगस्टमध्ये ते कॅम्पिंगचे मैदान गच्च भरलेले असते आणि मग आकडा कुठे गेला असता याचा विचार मी करत नाही. आणि वाचकांपैकी कुणी जाणार असेल तर दर तीन वर्षांनी ऑगस्टमध्ये तिथे समूहगायनाचा मेळा भरतो, १९५३ पासून. हजारो गायक येतात, तेव्हा राहायला जागा मिळत नाही. मी चौकशी करून सप्टेंबर निवडला होता.

सोबत व्हेझोंच्या पुलाचे मी काढलेले छायाचित्र जोडत आहे. मोफत वापरावे. कमान एक आहे, मोजून घ्यावी. उजव्या कोपऱ्यात लाल छत्री घेऊन पाठमोरी उभी आहे ती माझी बहीण. तिला तुम्ही कापून टाकलेत तर ती माझ्याशी आठवडाभर बोलणार नाही, पण पुलाचा उजवा पाय कापू नका. तो खडकावर कसा बसला आहे ते तिथेच दिसते.

आपली,
एक निवृत्त पूल-अभियंता